सरांनी मागितलेला उतारा

आधी माफी मागून घेतो. माझे ऱ्हस्व-दीर्घ मनाला येईल तसे पडतात आणि जड शब्द मला येत नाहीत. नववीत शाळा सुटली. आता शहरात, सदर भागात बाइंडिंगच्या दुकानात काम करतो. लोकांचे प्रबंध शिवतो, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं छापतो. म्हणजे पुस्तकं रोज हातात असतात, फक्त बाहेरून.

तर झालेला घोटाळा कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगतो. तुमचा चहा होईपर्यंत संपेल.

मला लिहायचं होतं. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी मी वहीत एक पान लिहायचो आणि वही गादीखाली ठेवायचो. हे कोणालाच माहीत नव्हतं. मग कळलं, जवळच्या वाचनालयात दर रविवारी लेखनाचा वर्ग भरतो आणि एकच जागा उरली आहे. दोन वेळा जिना चढलो, दोन्ही वेळा तसाच उतरलो. तिसऱ्या वेळी सर दारातच भेटले.

"शिक्षण?"

"नववी."

"हरकत नाही. रविवारी एक उतारा घेऊन या. तो बघून ठरवू."

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? आम्ही कुही गावाकडचे, धानाची शेती करणारे. आमच्या घरी उतारा म्हणजे एकच, सातबाऱ्याचा. मला वाटलं, नववीवाल्याला असंच कोण घेईल? काहीतरी पुरावा मागणारच.

"सर, माझा नाही. वडिलांचा आहे."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "वडिलांचा? मग तोच आणा! घराण्यात चालत आलेलं असेल तर सोनंच. वडिलांनाही घेऊन या."

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, सातबाऱ्याचा उतारा पाहिजे होता."

"काहून गा?"

"क्लासात मांगून राहिले."

"कायच्या क्लासात?"

"लिहायच्या."

बाबांचा आवाज चढला. "काय लिहून घेऊन राहिले?"

"मले माहीत नाही. तुमालेही बोलावलं आहे."

फोन बंद.

दहा मिनिटांनी मोठ्या भावाचा फोन. "वाटणी पाहिजे का बे तुले? मंग तोंडानं सांग ना! त्या क्लासवाल्याले काहून मधात आणतं?"

"वाटणी नाही दादा, उतारा."

"उताऱ्याशिवाय वाटणी होते का?"

मी विचार केला. होत नाही. म्हणून मी 'नाही होत' म्हणालो. आणि घरच्यांच्या हिशेबानं मी कबूल झालो.

मग वहिनी. "भाऊजी, माह्या हातून काही चुकलं का जी? दिवाळीत भाजी खारट झाली होती, ते मनाले लागलं का?"

रविवारी बाबा बसमधून उतरले. पांढरा सदरा, प्लास्टिकच्या पिशवीत उतारा, त्यावर तलाठ्याचा ताजा शिक्का. वाचनालयाच्या जिन्यात थांबून म्हणाले, "एक सांगून ठेवतो. मी कुठंच सही करत नाही."

आत पहिलं काय यावं? हजेरीचं रजिस्टर!

बाबांनी हात जोडले. "सही भेटनार नाही."

सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "लहरी आहेत. लिहिणारे असतातच."

वर्ग सुरू झाला. एका मॅडमनी प्राजक्तावर वाचलं. कॉलेजच्या एका मुलानं एकटेपणावर वाचलं. कोणाच्याच कागदावर शिक्का नव्हता. मला वाटलं, यांची कागदपत्रं आधीच जमा झाली असतील.

"आता आपले नवे मित्र," सर म्हणाले. "उतारा वाचा."

एकदा जिन्याकडे बघितलं. पण जागा एकच होती, आणि मला ती पाहिजे होती. मी उभा राहिलो आणि शाळेत धडा वाचायचो तसं खणखणीत वाचलं.

"गाव नमुना सात. अधिकार अभिलेख पत्रक. भोगवटादार वर्ग एक. पोटखराब क्षेत्र. इतर अधिकार, निरंक. पीक, भात. शेरा..." शेऱ्याखाली काही नव्हतं. "शेरा, काही नाही."

सरांनी चष्मा काढला.

"हा सातबारा आहे."

"हो सर. उतारा."

मग काय हसू फुटलं म्हणता! कॉलेजचा मुलगा आपलं एकटेपण विसरून बाक बडवत होता. मला खाली फरशीत जिरून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागून बाबा उठले.

"हसता कायले? खरा आहे. शिक्का पाहून घ्या."

प्राजक्तवाल्या मॅडमनी हसू आवरून विचारलं, "काका, पोटखराब म्हणजे काय हो?"

"नाल्याकडचा तुकडा आहे, बाई. तिथं काही पिकत नाही, म्हणून सरकारनं तसं लिहिलं." बाबांनी टोपी सारखी केली. "पण धान रोवण्याच्या दिवसात शेतातल्या सगळ्या बांध्यांत चिखल. बसाले कोरडी जागा तेवढीच. माही माय तिथंच शिदोरी सोडे, आमी तिथंच जेवलो. आमचं पोट जिथं भरलं, कागदावर त्याचंच नाव पोटखराब."

आता कोणी हसलं नाही. कोणीतरी ते वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं. रोज सकाळी पान-पान लिहिलं होतं मी, एवढी एक ओळ आली नव्हती.

सरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "काका, दर रविवारी यायला जमेल?"

"सही लागन का?"

"नाही लागणार."

"मंग येतो."

सरांनी रजिस्टर ओढलं आणि शेवटच्या ओळीत स्वतःच बाबांचं नाव लिहिलं. जागा भरली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही वडिलांना घेऊन येत चला. मागे बसायला स्टूल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पान लिहिलं नाही. लवकर जाऊन दुकान उघडलं, चांगला कागद कापला आणि बाबांसाठी जाड वही शिवली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात त्यांचं नाव छापलं, हरिभाऊ. रोज दुसऱ्यांनी लिहून दिलेलंच छापतो; आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनानं लिहिलेलं पुठ्ठ्यावर आलं, आणि त्यात मी 'रि'ची 'री' केली. सोनेरी अक्षर खोडता येत नाही.