चौसष्टच्या जागी सेहेचाळीस

एका ठिकाणाहून निघालेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी आपली आपण पोचते, यावर माझ्या थोरल्या नणंदबाईंचा, म्हणजे आक्कांचा, उभ्या आयुष्यात कधी विश्वास बसला नाही. शेजारी वाटीभर कढी पाठवली, तर ती घेऊन गेलेली मी परत यायच्या आत त्या भिंतीवरून ओरडून विचारायच्या, "पोचली का वो? गरम हाय ना?" माझे यजमान कामासाठी औंढ्याला गेले की पोचल्यावर त्यांनी एक फोन करायचा, ज्यांच्याकडे गेले त्यांनी दुसरा करायचा, आणि दोघांच्या सांगण्यात पाच मिनिटांचा फरक निघाला तर घरी आल्यावर उलटतपासणी व्हायची. घरातल्या लग्नाच्या पत्रिका टपालात टाकल्या की त्यांच्या पाठोपाठ त्या स्वतःच्या हातानं एकेक पोस्टकार्ड टाकायच्या: 'पत्रिका पाठवली आहे. मिळाल्याचे कळवावे.' परभणीच्या एका मामांनी त्या कार्डाला उत्तर दिलं नाही, तर ऐन हळदीच्या दिवशी आक्का फोनजवळ बसून होत्या आणि मामा त्यांच्यामागं मांडवात बसून चहा पीत होते.

यात त्यांचा दोष नव्हता. वीस-बावीस वर्षं त्यांनी हिंगोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. गावातले नंबर तेव्हा दोन-तीन आकडी होते आणि आक्कांना ते सगळे पाठ होते. इतके, की माणसांची नावं त्यांच्या लेखी मागं पडली होती. मी लग्न होऊन नवी आले तेव्हा एका सकाळी त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बावन्न गेले गं. लई सज्जन माणूस." दुपारी म्हणाल्या, "एकशे चारच्या लेकीचं जमलं." आपण पडलो आहोत ते घर तुरुंगातल्या कुणाचं तर नाही, अशी शंका मला दोन दिवस खात होती. नंतर कळलं, बावन्न म्हणजे कापडवाले आणि एकशे चार म्हणजे दातांचे डॉक्टर. पुढं नंबर पाच आकडी झाले तेव्हा आक्कांना तो स्वतःचा अपमान वाटला. "एवढ्याशा गावाला पाच आकडे काहून लागतात?" असं त्या कित्येक दिवस म्हणत होत्या, पण महिन्याभरात तेही त्यांनी पाठ करून टाकले.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा आणि वेळ संपली की ऑपरेटर मध्ये येऊन सांगायची. ही सवय त्यांच्या अंगात भिनली होती. मला बघायला त्या आल्या होत्या. माझे वडील आमच्या घराण्याची माहिती सांगू लागले, पणजोबांपर्यंत पोचले, आणि आक्का शांतपणे म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" वडील इतके गोंधळले की "हो, वाढवा" म्हणाले. माझं लग्न त्या वाढीव तीन मिनिटांत ठरलं. स्वतःच्या लग्नाचा विषय मात्र आक्कांनी कधी पुढं जाऊच दिला नाही. कुणी काढलाच तर "लाइन बिझी हाय" म्हणायच्या आणि उठून जायच्या.

एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं. ट्रंक बुकिंग बंद पडलं. त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवण्यात आलं, आणि नोकरीची वर्षं भरताच त्या घरी आल्या. त्या काळात त्यांना बघणं अवघड होतं. दुपारी हात मोकळे असले की बोटं मांडीवर हलत राहायची, जणू समोर लाइनी जोडायचा तो भोकांचा बोर्ड आहे आणि कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.

मी तेव्हा गावातल्या मुलींच्या नर्सिंग शाळेत कारकून होते. दोन हजार पाच-सहाचा सुमार. आमच्या प्राचार्यबाईंनी मोठ्या हौसेनं शाळेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल पत्ता घेतला होता. नांदेडचे एक सर्व्हरवाले गृहस्थ ते सगळं सांभाळायचे. हैदराबादचा एक मोठा दवाखाना दरवर्षी आमच्याकडच्या पास झालेल्या मुलींना मुलाखतीला बोलवायचा, आणि त्या वर्षी त्यांनी यादी ईमेलनं मागवली. पाच मुलींची नावं आणि मार्क मी स्वतः टाइप केले, पाठवले, आणि घरी येऊन निवांत झोपले. महिना गेला तरी उत्तर नाही. शेवटी फोन केला, तर तिकडचा माणूस नकोशा मेलच्या पेटीत शोधून म्हणाला, "मॅडम, आपका मेल जंक में पडा है. पोस्टें तो भर गईं."

दोन दिवसांनी सरिताचे वडील आले. सरिता आमची सगळ्यात हुशार मुलगी. सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यावरची, आणि तांड्यावरून नर्सिंगला आलेली पहिलीच. वडील रागावले नाहीत, रागावले असते तर परवडलं असतं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, यादी कुठं गेली ते मला दावा. तांड्यात लोक म्हणून राहिले, शाळेनं नावच पाठवलं न्हाई." मी पडदा त्यांच्याकडं वळवून पाठवलेला मेल दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव त्यांनी बोटानं बरोबर शोधलं. "हाय की," एवढंच म्हणाले आणि उठले. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "एक साल थांबतो."

संध्याकाळी जेवताना मी हे सांगितलं. आक्कांनी घास खाली ठेवला.

"पाठवल्यावर इचारलंस का, पोचलं म्हणून?"

"आक्का, ईमेल आहे तो. जातोच. विचारायचं नसतं."

"काहून नसतं?"

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आक्का इस्त्रीची साडी नेसून, कानावर पेन्सिल खोचून माझ्या टेबलासमोर हजर. प्राचार्यबाईंना त्यांनी सांगितलं, "मला पगार नको, खुर्ची द्या."

पहिला फोन नांदेडला. त्या गृहस्थांनी सुरुवातीला मोठ्या समजूतदारपणे सांगितलं की डीएनएस म्हणजे जगाची डिरेक्टरी असते. तिला नाव विचारलं की ती नंबर सांगते.

"मंग त्यात नवं काय हाय?" आक्का म्हणाल्या. "बावीस वर्षं मी तेच करून राहिले होते."

मग त्या गृहस्थांनी सांगितलं की त्या डिरेक्टरीत आणखी एक नोंद करावी लागते: शाळेच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुठल्या नंबरच्या मशिनला आहे, ती. मेल घेणारा आधी ती नोंद बघतो. नंबर जुळला नाही तर कुणीतरी खोट्या नावानं बोलतोय असं समजून मेल जंकमध्ये टाकतो.

"बराबर करतो. मी पण तेच केलं असतं. आन तुमी आमचा नंबर ठीक लिवलाय ना?"

"शंभर टक्के, मॅडम."

शंभर टक्के हा शब्द ऐकला की आक्कांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी फोन ठेवला आणि तपासणी मांडली. आमचे एक चुलत दीर कनेरगाव नाक्याला ढाबा चालवायचे, आणि शेजारच्या दुकानात इंटरनेट होतं. आक्कांनी त्यांच्या नावानं फुकटचं खातं उघडायला लावलं आणि शाळेच्या पत्त्यावरून मेल धाडला: 'ही चाचणी आहे. हा मेल मिळाल्यास ताबडतोब फोन करावा.' दिरांचा फोन आला. "आक्का, आलाय, पर त्या जंकात आलाय. ठेवू का आता? गिऱ्हाईक बसलंय."

"गिऱ्हाईक बसू दे. वरचा सगळा मजकूर छापून घे. हेडर म्हणत्यात त्याला. आन बसमधून पाठव. कंडक्टरचं नाव सांग."

तो कागद आला. एरवी दिसत नाही असा बारीक अक्षरांचा ढीग होता त्यावर. मेल कुठून निघाला, कुणाच्या हातून गेला, सगळं लिहिलेलं. दुसऱ्या बाजूनं मी, नांदेडच्या गृहस्थांनी सांगितलं तसं, कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून डिरेक्टरीतली आमची नोंद मागवली. आक्का म्हणाल्या, "तू वाच, मी बघते." मी पडद्यावरचा चार तुकड्यांचा नंबर वाचू लागले. त्यांची पेन्सिल कागदावर माझ्याबरोबर सरकत होती. पहिला तुकडा जुळला. दुसरा जुळला. तिसरा जुळला.

"सेहेचाळीस," मी शेवटचा वाचला.

पेन्सिल थांबली. "फिरून वाच."

"सेहेचाळीस."

आक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "हितं चौसष्ट हाय," त्या म्हणाल्या. "मेल निघालाय चौसष्टातून, आन परवानगी दिलीय सेहेचाळीसला." आणि मग अगदी हलक्या आवाजात, जसं कुणाच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं, "राँग नंबर."

पाच मुलींचं एक वर्ष, दोन आकड्यांची अदलाबदल झाली म्हणून गेलं होतं. मला रडू आलं. आक्का रडल्या नाहीत, त्यांनी नांदेड लावलं. ते गृहस्थ आधी नाही म्हणाले, मग बघतो म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "टायपिंगची चूक झाली, मॅडम."

"आमच्या येळी अशा चुकीला मेमो मिळायचा, साहेब," आक्का म्हणाल्या. "तुमाला कोण देनार? जाऊ द्या. दुरुस्त करा. मी धरून हाय."

दुरुस्ती पाच मिनिटांत झाली, पण ती सगळीकडं पसरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतील, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, आता आक्का भडकणार. पण त्यांचा चेहरा खुलला. "एवढंच ना? दिल्ली लागायला लोक दोन-दोन दिवस थांबायचे माझ्याकडं." एका वहीत त्यांनी रकाने आखले आणि दर दोन तासांनी मला ती काळी खिडकी उघडायला लावली. पहिल्या दिवशी सेहेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी "चौसष्ट" म्हणाले, तर त्यांनी आधी शिपायाला बोलवून त्याच्याकडून वाचून घेतलं, मग वहीत लिहिलं.

त्यानंतर जे झालं त्याला प्राचार्यबाई अजून 'तो आठवडा' म्हणतात. आक्कांनी बारा ठिकाणी बारा खाती उघडवली. गोरेगावचा औषधवाला, वाशीमची मावसबहीण, नाक्यावरचे दीर, सगळ्यांना 'ताबडतोब फोन करावा' असे मेल गेले. चुकून एक विद्यापीठालाही गेला, आणि तिथून खरोखरच घाबरून फोन आला. फोन आला की आक्कांचा पहिला प्रश्न, "कुठल्या पेटीत?" बारापैकी अकरा मेल सरळ पेटीत पोचले. बारावा वाशीमचा. तिथं जंकमध्येही नाही, कुठंच नाही. आक्का दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. शेवटी निघालं असं, की मावसबहीण स्वतःचा पासवर्ड विसरली होती आणि हे सांगायची तिला लाज वाटत होती.

मग पुढच्या वर्षीच्या यादीचे दिवस आले. नव्या सात मुली होत्या. "जुन्या पाच वर लिही, नव्या खाली," आक्कांनी बजावलं. मेल पाठवून मी मान वर करेपर्यंत त्यांनी हैदराबाद लावलं होतं. त्यांचं दखनी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ट्रंकच्या लाइनीवर हैदराबादच्या ऑपरेटर बायकांशी बोलून बोलून मुरलेलं.

"हौ बेटा, हिंगोली से बोल रई. मेल भेजे हैं. मिला क्या? नक्को नक्को, बाद में नक्को, अब्बी देखो. मैं पकडके बैठतूं."

पलीकडच्या माणसानं शोधलं. आक्का रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभ्या होत्या. मग त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "पेटीत हाय. बारा नावं मोजली त्यानं."

जुन्या पाचांपैकी दोघींची लग्नं होऊन गेली होती, एक वसमतला लागली होती. मुलाखतीला उरलेल्या दोघी गेल्या आणि दोघींची निवड झाली. सरिताचे वडील पेढे घेऊन आले तेव्हा मी त्यांना आक्कांकडं पाठवलं. त्यांनी आक्कांना हात जोडले. आक्का म्हणाल्या, "पोरगी पोचली की फोन कराया लावा."

पुढं शाळेचा सगळा मेल एका मोठ्या कंपनीकडं गेला. आता तिथं बटणं दाबली की नोंदी आपोआप होतात, हिरवी खूण येते, आणि नवी कारकून त्या खुणेवर विश्वास ठेवून वेळेवर घरी जाते. आक्का आता नाहीत. शेवटच्या काही वर्षांत त्यांचे कान गेले, आधी उजवा, मग डावा. फोन वाजला तरी कळायचा नाही. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, पण फोन दिवाणखान्यातून माझ्या खोलीत नेऊन ठेवला. सरिता दर रविवारी त्यांना मेल लिहायची, मराठी पण इंग्रजी अक्षरांत, वॉर्डातल्या पेशंटांच्या गमती. आक्का घरच्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर लावत तो दोन-तीनदा वाचायच्या आणि एका बोटानं उत्तर टाइप करायच्या. उत्तर तीन ओळींचं, दुपार त्यातच जायची.

एकदा सरिता सुटीवर आली ती तिच्या पगारातून घेतलेलं कानाचं यंत्र घेऊन. तिनं ते आक्कांच्या कानात बसवलं, हळूहळू मोठं केलं. आक्का दचकल्या.

"हे काय वाजून राहिलं?"

"पंखा आहे, आक्का."

"एवढा?" त्यांनी पंख्याकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग शेजारची बाई कुणाला तरी रागवत होती तिकडं. तासाभरात त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. "लई गोंगाट हाय गं लेकरा. सवय मोडली." सरिता हिरमुसली, पण तिनं ते दिसू दिलं नाही. संध्याकाळी निघताना आक्कांच्या पाया पडली आणि रिक्षात बसली.

मी भांडी आत ठेवून बाहेर आले तर आक्का फाटकाशी उभ्या होत्या. डबी उघडी, यंत्र कानात, त्यावर डाव्या हाताचा तळवा. रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली होती. "चला आत," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं न बघता, गप्प राहा म्हणून एक बोट वर केलं. मी थांबले. रिक्षा केव्हाच स्टँडच्या रस्त्याला लागली असेल. मला तर रिक्षाचा आवाज मुळीच ऐकू येत नव्हता. आक्कांनी मात्र बराच वेळ ते बोट खाली घेतलं नाही.