आभारी आहोत. या.

"दारात आलेल्या पोरींना 'जा' म्हणायचं नाही," नानासाहेब म्हणाले आणि पोह्यांवर आणखी एक मूठ शेव घातली.

विषय होता एका बटणाचा. मुलींच्या होस्टेलचा ऑनलाइन अर्ज बनत होता. संस्था आपल्याच मराठी समाजाची. इंदूरला कॉलेजसाठी येणाऱ्या मुलींना राहायला खोल्या देते. नानासाहेब तिचे अध्यक्ष. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. नाही सांगितलं तर त्यांची तब्येत बरी नाही, असं समजावं. मी वैशाली, इंदूरच्याच तुकोगंजमध्ये वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात डिझायनर. लोकांना वाटतं मी रंग निवडते. खरं काम म्हणजे माणूस कुठे अडेल ते आधीच ओळखणं. ते मी किती छान ओळखलं, त्याचीच ही गोष्ट.

जुना कागदी अर्ज आमच्याकडे आला तेव्हा त्यात अठ्ठावन्न फील्ड होती. फील्ड म्हणजे भरायची रिकामी चौकट. नाव, पत्ता, मार्क, इथपर्यंत ठीक. मग मूळ गाव, कुलदैवत, घराणं कितव्या पिढीत इंदूरला आलं. अहो, पोरीला खोली हवीय, सोयरीक नाही! यातले निम्मे प्रश्न काढा, मी म्हटलं. "एकेक प्रश्न वाडवडिलांनी विचार करून घातलाय," नानासाहेब म्हणाले. वाडवडिलांपुढे माझं काय चालणार.

मग एवढंच ठरवायचं उरलं, की अठ्ठावन्न चौकटी एका पानावर घालायच्या की पाच पानांत वाटायच्या. त्यावर तीन मीटिंगा झाल्या. आमचे बॉस राजेश भिया (इंदुरात भैयाचं भिया होतं) एका पानाच्या बाजूचे. "वैशालीजी, लोग दिनभर रील स्क्रोल करते हैं, एक फॉर्म नहीं करेंगे क्या?"

"भिया, रीलमध्ये कुणी कुलदैवत विचारत नाही."

मी शेजारच्या पोरीला एका पानाचा नमुना मोबाइलवर भरायला दिला. तिने अंगठ्याने सर्रकन तळ गाठला, "बाप रे" म्हणाली आणि फोन मला परत दिला. एक अक्षर भरलं नाही. थोडं थोडं विचारलं तर माणूस नाव लिहितो, नंबर लिहितो, आणि एवढं केलंच आहे तर पुढचंही करू म्हणतो. शेवटी पाच पानं ठरली. त्यात मी ऑटोसेव्ह घातलं. म्हणजे चौकट भरून सोडली की तेवढी माहिती आपोआप आमच्याकडे जमा. या सगळ्या प्रकरणात तेवढं एकच शहाणपण माझ्या नावावर लिहा.

आता पान संपलं की पुढच्या पानावर न्यायला बटण लागतं. मी त्यावर लिहिलं होतं, "पुढे जा". तिथे ती शेवेची मूठ पडली.

"आपल्यात निघतानासुद्धा कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात," नानासाहेब म्हणाले. "तिथे 'या' लिहा. आणि मुलीने माहिती दिली की आधी तिचे आभार माना. काही रीतभात आहे की नाही?"

"नानासाहेब, बटण आहे हो ते."

"बटणालाही संस्कार असावेत, वैशालीबाई. आणि हा नारंगी रंग कसला? मिठाईचं दुकान आहे का? काहीतरी सौम्य द्या."

मग भियांनाही जोर चढला. पानाच्या वर मी एक पट्टी ठेवली होती, "पान १, एकूण ५". ती त्यांनी काढायला लावली. "पाँच दिखेगा तो सब भाग जाएँगे."

मी मान हलवली. खरं सांगते, थकले होते. पानांसाठी तीन मीटिंगा भांडले, आता एका शब्दासाठी कुठे खामखां भांडायचं? तर पहिल्या पानाच्या तळाशी असं उरलं: "माहितीबद्दल आभारी आहोत." आणि त्याखाली, फिकट चौकटीत, "या".

तुम्हाला आत्ताच हसू आलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. मला आलं नाही.

अर्ज सुरू झाले. कुणी किती भरलं ते आम्हाला ऑफिसात एका स्क्रीनवर दिसतं, त्याला डॅशबोर्ड म्हणतात. पहिलं पान भराभर भरत होतं. नाव, नंबर, मार्क, सगळं नीटनेटकं. दुसरं पान मात्र ओसाड. तिथपर्यंत इक्का-दुक्का मुलगी पोचत होती. दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. शेवटी उद्या संध्याकाळी पाचला मुदत संपणार, तरी तेच.

"देख लो," भिया म्हणाले. "ये है पाँच पेज का नतीजा. बोला था मैंने."

नानासाहेब फोनवर म्हणाले, "नव्या पिढीत चिकाटीच नाही. अपूर्ण अर्ज बाद करा, नियमच आहे तो."

भियांनी फर्मान काढलं, आजच सगळं एका पानावर आणा. तसं केलं की अर्धे भरलेले जुने अर्ज पुसले जाणार होते. त्यासाठी नानासाहेबांची लेखी परवानगी हवी, म्हणून लॅपटॉप घेऊन मी संस्थेत गेले. वाटेत मलाही पटायला लागलं होतं की चुकलं माझंच. फार शहाणपणा करायला गेले मी.

संस्थेच्या बाहेरच्या बाकावर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. मांडीवर कागदांची पिशवी. मुलीने मला लॅपटॉपसकट पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"ताई, खोल्यांची यादी कधी लागेल? आम्ही हातोदहून आलो. मी रेणुका."

"अगं, अर्ज उद्यापर्यंत चालू आहेत. तू भरलास का?"

"पहिल्याच दिवशी!"

मी तिचं नाव शोधलं. पहिलं पान पूर्ण, मार्क झकास. पुढची चार पानं कोरी. "बेटा, तू तर अर्ज मध्येच सोडलास."

"नाही ना ताई, पूरा भरला. मग त्यांनी आभारी आहोत म्हटलं. आणि म्हटलं, या. तर मी निघाले."

"किती अदबीने बोलतात, मी म्हटलं," तिची आई म्हणाली. "नाही तर फॉर्मात कोण कुणाला 'या' म्हणतं? हिच्या बाबांनी साफ सांगितलंय, खोली मिळाली तरच इंदूरचं कॉलेज. प्रॅक्टिकल संपता संपता शेवटची बस निघून जाते. रोजचं अप-डाउन नाही म्हणतात ते."

मी कपाळावर हात मारला. चांगला आवाज झाला. सात पिढ्या इकडे राहून आमची मराठी निम्मी हिंदी झाली, पण आपल्या घरी निरोप कसा देतात ते प्रत्येक पोरीला ठाऊक होतं. आभार मानले, या म्हटलं, आता उठायचं. त्या शहाण्या होत्या. बावळट मी होते.

तशीच आत गेले आणि नानासाहेबांना सगळं सांगितलं.

"छे, छे. 'या' म्हणजे या. आत या. सरळ मराठी आहे," ते म्हणाले. "नीट वाचत नाहीत मुली. त्याला आपण काय करणार? अपूर्ण अर्ज बाद म्हणजे बाद."

"हातोदची मुलगी बाहेर बसलीय. खोली नाही मिळाली तर तिचं कॉलेज बंद."

"नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला आता कार्यकारिणीची बैठक आहे. कळवलंत, आभारी आहे, वैशालीबाई. या."

मी खुर्चीतून हलले नाही.

"या म्हटलं मी."

"आलेच आहे की, नानासाहेब. आता आणखी आत कुठे येऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग लॅपटॉपवरच्या त्या फिकट चौकटीकडे. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, चौकट तिथेच होती.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले. "किती मुलींना घालवलं आपण असं?"

मुदत आठ दिवस वाढली. पानं पाचच राहिली, वरची पट्टी परत आली, बटण झालं मिठाईच्या दुकानासारखं नारंगी. त्यावर लिहिलं, "पुढचं पान". ना जा, ना या. रेणुकाने उरलेली चार पानं त्याच बाकावर बसून भरली. मूळ गाव आलं तेव्हा तिने आईकडे पाहिलं. "हातोदच की," आई म्हणाली. घराणं कितव्या पिढीत इंदूरला आलं, तिथे तिने लिहिलं, "मीच पहिली." तिला खोली मिळाली.

ऑटोसेव्हमुळे बाकीच्यांचे नंबर हातात होते. संस्थेचे क्लार्क आणि मी, दोघं फोन लावत बसलो. बहुतेक मुली हसल्या आणि भरते म्हणाल्या. एकीचे वडील म्हणाले, "आता गावातल्याच कॉलेजात नाव घातलं तिचं. राहू द्या." दोन नंबर लागलेच नाहीत, कितीदा लावले तरी. त्या तिघींचं मला अजून वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

वार्षिक समारंभात नानासाहेबांनी मंचावरून सांगितलं की फॉर्म पाच पानांचा असावा हा आपलाच आग्रह होता. भिया नव्या क्लायंटला हेच सांगतात, फक्त आग्रह त्यांचा असतो. मी शिकले ते एवढंच: पानं किती यावर आम्ही तीन मीटिंगा घातल्या आणि शब्द कोणता यावर पोह्यांची एक प्लेट. हल्ली फॉर्म सुरू करण्याआधी मी त्याचा शब्द न् शब्द माझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवते. ती चप्पल शोधायला लागली तर शब्द बदलते.

नानासाहेब आता बैठक संपली की मला सरळ "जा" म्हणतात. मी लगेच उठते.