ओट्यावरचा काढा

हिराकाकी आपलं औषध कुणाला घरी नेऊ देत नसे. पाम गावात आम्ही तिच्या शेजारी भाड्याने राहायला आलो आणि त्याच आठवड्यात मला खोकल्याने धरलं. अडुळशाची थोडी पानं मागितली, तर म्हणाली, "घरी नेलं का गुण जातो. ओट्यावर बस, मी करते."

मग चूल पेटे, अडुळसा, आलं आणि गूळ उकळे, आणि पितळी पेल्यातला तो कडूजहर काढा फुंकून फुंकून प्यावा लागे. "घाय करू नको, बाय. घाय केली तं छातीला लागत नाय." पेला रिकामा होईस्तोवर विरारच्या मुलाची, दूर दिलेल्या नणंदांची, वाडीतल्या विहिरीची खबरबात होऊन जाई. ताप असो की पोटातला मुरडा, ओटा आणि पेला ठरलेलाच.

आजूबाजूच्या बायका कारखान्यात जाणाऱ्या. त्यांना एवढी सवड कुठली? त्या दुकानातून बाटली आणू लागल्या, आणि ओट्यावर मी एकटीच उरले. माझा खोकला केव्हाच गेला होता. पण नवरा पाळीला गेला की खोली खायला उठे. साताऱ्याहून आलेली मी, मलाही इथे कुणी नव्हतं.

"तुला खोकला नाय, ठाव हाय मला," एकदा ती म्हणाली. मी ओशाळले. तिने पेला पुढे केला. "बस. काढ्याने काय वाईट होत नाय."

पुढे ती अंगणात पडली आणि मुलगा तिला विरारला घेऊन गेला. दिवाळीनंतर कळलं, काकीलाच खोकला झालाय. तिच्याच अंगणातली पानं तोडून मी काढा केला, थर्मासात भरला आणि विरार गाठलं.

तिसऱ्या मजल्यावर ती खाटेवर बसली होती, निम्मी झालेली. मुलगा-सून कामावर. उशाशी खोकल्याची बाटली.

"बाटली बरी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "चमचाभर घेतलं, झाकण लावलं, झालं. कोणाची वाट बगायला नको."

पेल्यात काढा ओतत मी चिडवलं, "माझ्या घरी केलाय हं, गुण येईल ना?"

ती हसली नाही. पेला दोन्ही हातांत धरून तिने फुंकर घातली, इवलासा घोट घेतला, पुन्हा फुंकर घातली. गॅलरीतलं ऊन सरकत गेलं. मी निघायचं नाव काढलं की म्हणे, "थांब, गरम हाय अजून."

काढा केव्हाच गार झाला होता. ती फुंकर घालतच होती.