दारात बसून केलेला इलाज

माझं वय कुणी विचारलं की मी उलटं विचारतो, तुला कशाला पाहिजे? आमची मेंढरं पाळणारी माणसं. आमच्या घरात मेंढरं मोजायची रीत नव्हती. बाप म्हणायचा, मोजली की नजर लागते, तोंडं ओळखा. कळप वाड्यात शिरताना तो बाजूला उभा राहायचा आणि एखादी कमी असली तर नेमकं विचारायचा, ती कान चिरलेली कुठं राहिली? आकडा त्यानं जन्मात काढला नाही. वर्षांचंही आमचं तसंच. निजामावर पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी शेरडं वळायला लागलो होतो आणि माय मला सडकेकडं फिरकू देत नव्हती, एवढं मला आठवतं. त्यावरून ज्याला हिशेब करायचा त्यानं करावा.

शाळा दुसरीपर्यंत झाली, तीही अर्धी बाभळीवर बसून. तरी हे लिहिणं माझ्या हातचं आहे. नात म्हणाली, आबा, मी शुद्ध करून देते. मी म्हणलं, मला काय म्हणायचं ते तुला कळलं ना? मग राहू दे.

पोरगा चितेगावला कंपनीत आहे. त्याच्याबरोबरची माणसं कधी घरी येतात. माझे दात बघतात, माझं चालणं बघतात आणि विचारतात, बाबा, खाता काय? खायचं काय, तेच खातो जे तुम्ही खाता, फक्त खाताना कुरकुर करत नाही. पण त्यांना खरं उत्तर द्यायचं तर मला माझं सोडून बायकोचं सांगावं लागतं.

ती पडली न्हाणीत. पाण्याची घागर कमरेवर होती, दगडावर शेवाळ होतं. घागर वाचवायला गेली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. पोरानं दोस्ताची जीप आणली, आम्ही तिला शहरात नेलं, क्रांती चौकाच्या पलीकडं एका दवाखान्यात. तिथं हाडाला आतून लोखंडी पट्टी बसवली. डॉक्टरीण बाई पोरीच्या वयाची होती, पण हात धीट होता. पुढं दाखवायला नेलं तेव्हा ती हाडाचा फोटो बघून म्हणाली, हाड छान धरलंय, आता आजींना उभं करा. जितक्या पडून राहतील तितकं अवघड होईल, छाती भरेल.

घरी आलो. बायकोनं बाजेवर अंग टाकलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

तिच्या मनानं निकाल आधीच लावला होता. तिच्या मायचा खुबा मोडला होता, ती उठली नाही. माझ्या मायचा मोडला, तीही उठली नाही. आणि माझ्या मायचं सगळं हिनंच केलं होतं, हगणंमुतणं, पाठीच्या जखमा, सगळं. खुबा मोडला की बाई संपली, हे तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. आता डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीपुढं डॉक्टरणीच्या फोटोचं काय चालतं? कोणतं लुगडं कुणाला द्यायचं हे तिनं सुनेला सांगून टाकलं. सून रडत माझ्याकडं आली. मी म्हणलं, लुगडी पेटीत राहू दे, कुलूप लाव आणि किल्ली मला दे.

कळपातली एखादी मेंढी बसली की आम्ही तिला बसू देत नाही. दुखणं बरं होतं, पण बसणं तिला मारतं. पोटाखाली हात घालून उभी करायची, पडली की परत करायची, चारा जरा लांब टाकायचा. हे मी जन्मभर केलं होतं, म्हणून मी बायकोच्या काखेत हात घातले.

ती म्हणाली, "मी काय बसकी मेंढी हाय का?"

मी म्हणलं, "नाय. मेंढी एवढं बोलत नाय, म्हणून लवकर उठते."

तिनं माझ्या हाताला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. चहा लांब ठेवून बघितला, तर तिनं चहाच सोडला. मेंढीचा इलाज बाईला लागू नाही, हे तिथं मला पटलं.

मग बघायला येणारी माणसं सुरू झाली. आपल्याकडं कुणी आजारी पडलं की जाऊन बघून यायची रीत आहे, ती चांगलीच आहे. माणूस येतो, बिस्किटाचा पुडा आणतो, डझनभर केळी आणतो, बाजेशी बसतो. पण बसल्यावर बोलायचं काय? तर त्याला आठवतात ती मेलेली माणसं. माझी एक चुलत बहीण आली. केळं सोलता सोलता म्हणाली, माझ्या सासूचं बी असंच झालं गं वहिनी, धडधाकट बाई, पण पुढचा पावसाळा काय बघितला नाय. दुसरी म्हणाली, पाठीला जखमा झाल्या का? नाय? होतील. एकानं तर शहरातल्या मोठमोठ्या माणसांची नावं घेतली, एवढा पैसा असून ते गेले म्हणून. सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती, खोटं कशाला बोलू. आणि प्रत्येक जण उठून गेला की बायको भिंतीच्या अजून एक वीत जवळ सरकायची.

तिला खोकला लागला. माझ्या मायचंही शेवटी खोकल्यानं झालं होतं. ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

खोकला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घोंगडी दारात टाकली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि बसलो. जो येईल त्याला सांगायला लागलो. खुबा मोडून उठलेलं कुणी माहीत असेल तर आत जा आणि त्याचं सांग. ते नसेल तर लग्नाचं बोल, पिकाचं बोल, कुणाची पोरगी कुणाबरोबर पळाली ते बोल. मेलेलं माणूस माझ्या घरात न्यायचं नाही. आमच्यातलं कुणी गेलं तर ते आमचं आम्ही बघू.

माणसं हसली, मग त्यांना कळलं की म्हातारा खरंच बोलतोय. एक जण बराच वेळ उंबऱ्याशी उभा राहून आठवत होता. माझी मावशी, म्हणाला, तिचा खुबा, नाय, ती बी गेली. त्याला म्हणलं, घरी जा, नीट आठव आणि मग ये. केळी मात्र ठेवून घेतली. काही जणांना राग आला. भावकीतला एक जण पारावर बोलला की ह्याला बायको मेलेली परवडंल, पण चहा पाजणं परवडत नाय. ते माझ्या कानावर आलं. मी घोंगडी हलवली नाही.

पोरगा समजवायला आला. म्हणाला, आबा, लोकांची तोंडं बंद करता येतात का? मी म्हणलं, येतात, मी करतोय.

लोकांचं मला काही वाटलं नाही. पण बायको मला म्हणाली, "मरायच्या आधीच माझं दार बंद केलं तुम्ही."

मी म्हणलं, "मरणार नाय म्हण, लगेच उघडतो."

तिनं तोंड परत भिंतीकडं केलं. मी घरामागं गेलो. कंपन्या आल्या आणि चरायची रानं गेली, तेव्हा कळप विकला होता, पण तीनचार मेंढ्या मी हट्टानं ठेवल्या होत्या. त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसलो. मी रडलो असं सून सांगते. तिला लांबून नीट दिसत नाही.

अशात तिचा भाऊ आला. हा देवगाव रंगारीला असतो, शेती करतो. तिच्याहून लहान, तिनंच कडेवर वागवलेला. मायबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे हा एकटा. शहरात एसटी बदलून, फाट्यावर उतरून, उन्हात पायी आला. हातात पिशवी, पिशवीत पुडा, पुड्यावर केळी.

"राम राम दाजी."

"राम राम पाव्हणं. बसा. उठलेलं कुणी माहीत हाय का?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाला, बाजूला व्हा, बहिणीला बघू द्या. मी म्हणलं, बघायला काय ती नवरी हाय का? तो हसला, खाली बसला, घाम पुसला, आणि जी नको तीच गोष्ट त्यानं काढली. "दाजी, आमच्या मायचं तुम्हाला ठावंच हाय..."

दार उघडं होतं. आत सगळं ऐकू जात होतं.

मी काठी दारात आडवी धरली. "ते नाव हितं काढायचं नाय."

तो उभा राहिला. मुळात शांत माणूस, पण मायचं नाव म्हणल्यावर कोण शांत राहतो? म्हणाला, "माझ्या मायचं नाव तुमच्या दारात काढायचं नाय? मग मी तरी कशाला थांबू दाजी? पाणी बी नको तुमचं."

पिशवी त्यानं ओट्यावर ठेवली आणि वळला. सून तांब्या घेऊन मागं पळाली. त्यानं हात लावला नाही. आता बहिणीच्या दारातून भाऊ पाणी न घेता गेला, याचा आमच्यात अर्थ एकच. ते दार त्याला तुटलं. दिवाळीला तो येणार नाही, माहेरचं लुगडं देऊन हिची बोळवण होणार नाही, हिच्या लेकरांना मामा नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. पण काठी खाली घेतली असती तर तो आत जाऊन मायचं मरण सांगणार होता, बसून, सावकाश. मी काठी धरून ठेवली.

आतून आवाज आला, "थांब रे." बारीक, खोकल्यातून. तो तोवर सडकेकडच्या बाभळीपर्यंत गेला होता, त्याला कुठलं ऐकू जातंय.

मग बाज करकरली. मग फळीवरचा पितळेचा डबा खाली पडला आणि घरभर गरगरत गेला. सून आत धावायला निघाली. मी तिला हातानं थांबवलं. मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं असतं तर ती परत बसली असती, मला तिचा स्वभाव ठाऊक आहे. बसून राहिलो आणि सडकेकडं बघत राहिलो. भिंतीला हात घासत येतोय असा आवाज, मग दम लागल्याचा, मग परत घासल्याचा. मग माझ्या खांद्यावर एक हात पडला आणि तिचं सगळं वजन त्या हातातून माझ्या अंगावर आलं. खांदा दुखला. मी तसूभर हललो नाही.

तिनं हाक मारली. लांब रानात मेंढरांना मारायची तसली हाक, लग्न करून आली तेव्हा मारायची तशी.

"ए! कोरड्या तोंडानं चालला व्हय? माय मेली म्हणून बहीण बी मेली का रे तुझी?"

तो बाभळीखाली थांबला, वळला, आणि तिच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघत राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "उभी हायस की गं तू."

तेव्हा तिनं स्वतः खाली बघितलं. घाबरली आणि जवळजवळ माझ्या डोक्यावरच बसली. तो धावत आला, मी धरलं, सुनेनं धरलं. तिथं उंबऱ्यातच बसून तिनं भावाला आपल्या हातानं तांब्या दिला आणि त्यानं तो एका दमात रिकामा केला. मग दोघं रडली. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बिस्किटाचा पुडा फोडला.

दुसऱ्या दिवशी ती भिंत धरून न्हाणीपर्यंत गेली. कुणी म्हणलं नव्हतं. उभं राहता येतं हे एकदा कळल्यावर तिला पडून राहणं लाजिरवाणं वाटायला लागलं. खोकला आपोआप गेला. पोरानं धरून चालायचा घोडा आणला होता, त्याच्यावर तिनं लुगडी वाळत घातली. पेटीची किल्लीही माझ्याकडून काढून घेतली. पण माझ्याशी मात्र बरेच दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची ती सुनेला सांगून, त्यांना म्हणावं भाकरी झाली.

डॉक्टरणीकडं नेलं तेव्हा ती चालत आत गेली. डॉक्टरीण खूश झाली. मी तिला सांगितलं, बाई, पट्टी तुम्ही बसवली, चांगलीच बसवली, पण पट्टी पाय उचलत नाही. ती म्हणाली, बरोबर आहे बाबा. शिकलेली असून बरोबर म्हणाली.

लोक विचारतात, तुम्ही मेव्हण्याला मुद्दाम अडवलं का, ती उठावी म्हणून? मी मिशीतल्या मिशीत हसतो. बायको ऐकत असली तर जरा जास्त हसतो.

आता आसपास कुणा बाईचं हाड मोडलं की बोलावणं हिला येतं. पुडा नेत नाही, केळी नेत नाही. बाजेभोवती एक फेरी मारते, लंगडत, मुद्दाम सावकाश, आणि सांगते, मला बघ, आता तू कधी उठतीस ते सांग. काही उठत नाहीत, ते खोटं सांगणार नाही. पण काही उठल्या. पारावर चहाचं बोलणाऱ्या त्या भावकीतल्या माणसाची बायकोही उठली, आणि तो आता मला बघितलं की चहा पाजतो.

मागच्या दिवाळीला भाऊ आला, राहिला, बहिणीची बोळवण झाली. निघायच्या दिवशी ती म्हणाली, मी येते फाट्यापर्यंत. तो म्हणाला, आक्का, ऊन लई हाय. ती चप्पल घालून पुढंही गेली. मला कुणी चल म्हणलं नाही. मी दारात बसलो. दोघं बाभळीच्या पुढं गेली. ती लंगडत होती, बोलत होती, आणि तिच्या कडेवर वाढलेला तो भाऊ मागं पडत होता. सडकेनं कंपनीची माणसं सुटून येत होती. त्यातल्या ओळखीच्याला, बिनओळखीच्याला, सगळ्यांना मी सांगत होतो, ती पुढं चाललेली बाई दिसती का? ती माझी हाय.