गुळगुळीत पंख

भिंगवाल्यांनी विमानाच्या पंखावर तळवा टेकवला आणि ते जागच्या जागी थिजले. बोटांना काही लागेचना. सांधा नाही, रिवेट नाही, रेघेचा मागमूस नाही. त्यांनी हात पुढे सरकवला, मागे आणला, मग नखाने हलकेच चाचपून पाहिलं. पंख आपला गुळगुळीत, ताज्या कवळीसारखा.

कवळीशी तुलना सुचली, कारण तोच त्यांचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हे घरामागच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून, मेणात दात बसवत बसायचे. काम आटोपलं की त्याच टेबलावर प्लास्टिकच्या विमानांची किटं निघत. छोटी विमानं बनवणाऱ्यांचं शहरात एक मंडळ होतं. भिंगवाले हे नाव तिथलंच. खऱ्या विमानाचे पत्रे जिथे जुळतात तिथे छोट्या विमानावर बारीक रेघ हवी, जिथे रिवेट ठोकलाय तिथे टिंब हवं, आणि तेही मापात, हा त्यांचा हट्ट. किटवाल्याने रेघ जाड पाडली असेल, तर हे अख्खा पंख भरून काढत आणि सुईने नव्याने कोरत. एका जुन्या, एकआसनी लढाऊ विमानावर तर त्यांचा फार जीव. त्याचे नकाशे तोंडपाठ. फक्त खरं विमान कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

शहराबाहेरच्या धावपट्टीवर तसलंच एक विमान डागडुजीला आलंय हे बायकोनेच वाचलं. तिनेच फोन करून परवानगी काढली. "अहो, नुसत्या फोटोंवर किती दिवस काढणार? एकदा समोरासमोर बघा की," असं म्हणत ती त्यांना घेऊन आली होती.

"पुट्टी तुम्ही भरलीत?" भिंगवाल्यांनी विचारलं. आवाज चोरल्यासारखा निघाला.

डागडुजी बघणाऱ्या इंजिनीअर बाई पुसण्याने हात पुसत आल्या. "छे हो. कारखान्यातूनच तशी यायची. हवा अडू नये म्हणून पंखाचे सांधे, रिवेटची डोकी, सगळं भरून घासायचे आणि वरून रंग द्यायचे. हे बघा." त्यांनी पंखाखालचा खरवडलेला तुकडा दाखवला. रंगाखाली करडा थर, त्याखाली पत्रा, आणि पत्र्यात त्या ओळखीच्या रेघा.

"पण नकाशात रेघा आहेत!"

"नकाशात सांधे दाखवतात. ते आहेतच की, पुट्टीखाली."

भिंगवाले विमानाला वळसा घालून शेपटीकडे गेले. तिथे पुट्टी नव्हती, रिवेट उघडे होते. बघतात तर ओळ मध्येच वाकडी. डाव्या अंगाला एक झाकण दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर खाली. डावं-उजवं जुळत नाही म्हणून त्यांनी किटं परत पाठवली होती, किटवाल्यांना खरमरीत पत्रं लिहिली होती. आणि इथे खुद्द विमानच जुळत नव्हतं! त्यांनी शेपटीला टेकून आधार घेतला. बाईंनी लगबगीने स्टूल पुढे केलं.

बायको जवळ आली. तिने पाणी दिलं, ते पिऊन होईपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ बरोबर होता."

भिंगवाल्यांनी रिकामा पेला तिच्या हातात दिला.

तिचा धाकटा भाऊ बेकरी चालवायचा. धिप्पाड गडी, पंजे फावड्याएवढे. दाजींचं बघून त्यालाही विमानांचा नाद लागला होता. मंडळाच्या प्रदर्शनात त्याने हेच विमान मांडलं, पंखावर एकही रेघ नसलेलं. भिंगवाले परीक्षक. त्यांनी ते उचललं आणि माईकवर म्हणाले, "हे विमान म्हणायचं की भट्टीतला पाव? बेकरीत ठेवा, खपेल." सभागृह खो खो हसलं. मेहुण्याने विमान पिशवीत घातलं आणि तो निघून गेला. तेव्हापासून त्याने बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भाचीच्या लग्नात आला, राबला, पण दाजींशी अक्षर बोलला नाही.

धावपट्टीवरून दोघं थेट बेकरीत गेले. मेहुणा भट्टीतून ट्रे ओढत होता. दाजींना दारात बघून तो ट्रे हातात धरूनच उभा राहिला.

"तू बरोबर होतास," भिंगवाले म्हणाले. "मी आत्ता हात लावून आलोय. पंख गुळगुळीतच असतो. मी तुला सगळ्यांदेखत खोटं पाडलं. मला माफ कर."

मेहुण्याने ट्रे खाली ठेवला. बहिणीकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि एकदम हसत सुटला.

"दाजी, मला कुठलं ठाऊक? रेघ कोरताना माझी सुई घसरायची. पंखाची पार चाळण झाली. शेवटी वैतागून सगळं पुट्टीने बुजवलं आणि घासून टाकलं!"

दिवसातला हा दुसरा तडाखा. भिंगवाले दोन पावलं पुढे आले. "अरे, मग इतकी वर्षं रुसलास कशाला? विमान तर चुकलंच होतं, तुझ्या लेखी!"

मेहुण्याचं हसू ओसरलं. "विमानाचं काय घेऊन बसलात. तुम्ही बेकरीची टिंगल केलीत, दाजी. माईकवर. ही बेकरी तुमच्या सासऱ्यांनी उभी केली. ते पहिल्या रांगेत बसले होते."

भिंगवाल्यांना ती रांग आठवेना. माणसं आठवत होती, हशा आठवत होता, हातातलं विमान तर अगदी लख्ख. म्हातारा मात्र कुठेच दिसेना. सासरे जाऊनही आता काळ लोटला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मीही त्यांच्या शेजारीच होते," ती म्हणाली. "बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जावयाचं काम फार बारीक असतं हं. एवढंच."

"तू मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

भिंगवाले पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. माफी मागायची तर मागायची कुणाची? खांदे हलायला लागले तसा मेहुणा गडबडला. रडणाऱ्या दाजींची त्याला सवय नव्हती. त्याने पिठाळ हातानेच त्यांची पाठ थोपटली आणि कोटावर पाच बोटं उमटवली.

पुढच्या प्रदर्शनात भिंगवाल्यांनी माईक मागून घेतला. आधी बेकरीबद्दल सासऱ्यांची आणि मेहुण्याची माफी मागितली, मग पंखाचं सांगितलं. माफी लोकांनी मुकाट ऐकली, पण पंखावरून गदारोळ माजला. "रेघा नाहीत म्हणजे काय? आम्ही काय इतकी वर्षं झक मारली?" अध्यक्ष ओरडले. कुणी म्हणालं, भिंग बदला. परीक्षकपद त्यांनी तिथल्या तिथे सोडलं.

आता बेकरीच्या सुट्टीला मेहुणा जेवायला येतो आणि दोघं कवळ्यांच्या टेबलाशी बसतात. पुट्टी दाबायला त्याचा अंगठा फारच कामाचा निघाला. परवा घासता घासता त्याने पंखाचं टोकच मोडलं. भिंगवाल्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं.

"बोला, बोला," ती म्हणाली. "इथे माईक नाही."