टिल्लू पहेलवानाचा आवाज

आमच्या अमडापूरच्या वाचनालयात चार माणसं जमली की एक किस्सा घडतोच. हे किस्से लिहावेत इतके चांगले आहेत का, हे मला कधी ठरवता आलं नाही. पण या हिवाळ्यात आम्ही मुलांसाठी कार्टून केलं, आणि किस्से इतके साचले की आता लिहूनच टाकतो.

कार्टून शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या कुंदाताईंचं. आठ वर्षांचा टिल्लू पहेलवान लाल मास्क घालून कुस्ती खेळतो. या एपिसोडमध्ये ऐन कुस्तीआधी मास्क फाटतो. चेहरा दिसला तर आपल्याला घाबरणार कोण, या चिंतेत टिल्लू!

त्याचा आवाज म्हणे मी द्यायचा. वय बहात्तर! मी म्हटलं, "ताई, माझ्यापेक्षा कोणीही बरं बोलेल."

"सर, तुमी आवाजाच्या शास्त्रात पीएच.डी. केली ना? मंग!"

त्या 'मंग'पुढे माझी डिग्री गप्प बसली.

*

टिल्लूचा प्रतिस्पर्धी ढोल्या. त्याचा आवाज दगडू पहेलवानांचा. त्यांनी उमेदीत गावोगावच्या जत्रा गाजवलेल्या. स्क्रिप्टमध्ये शेवटी होतं, 'मी हरलो.' ते म्हणेचनात.

"सर, हे म्या जिंदगीत कोणाले म्हटलं नाही."

"अहो, कार्टून आहे हे!"

"असू द्या. पाठ मातीले लागली त मानतो. तोंडानं नाही म्हणत!"

शेवटी ढोल्यानं नुसता हुंकार द्यायचा ठरलं. हुंकार असा निघाला, की जणू तोच जिंकला!

*

गर्दीचा गोंगाट किराणावाल्या वसंतानं एकट्यानं केला. शिट्ट्या, आरोळ्या, सगळं. मध्येच सवयीनं ओरडला, "मूगडाळ संपली हो!"

कुंदाताईंनी कपाळाला हात लावला. वसंता म्हणाला, "एवढ्या गर्दीत कोणी त म्हणनच ना, ताई!"

मूगडाळ एपिसोडमध्ये अजून आहे.

*

माझ्या वाक्यांत मात्र सारखं 'कट्' वाजायचं. कुंदाताईंनी पंखा बंद केला. वसंतानं माइकची वायर बदलली. पहेलवानांनी खुर्चीचे खिळे ठोकले. मीही सगळ्यांबरोबर शोधत होतो. टेबलाखाली वाकूनसुद्धा पाहिलं!

आवाज माझ्या कवळीचा होता, हे फक्त मला ठाऊक होतं. अकरा वर्षांत घराबाहेर मला कोणी कवळीशिवाय पाहिलं नव्हतं.

*

शनिवारी शाळेत कार्टून दाखवायचं होतं. शुक्रवारी टिल्लूचं एकच वाक्य उरलं: "मास्क गेला तरी कुस्ती सोडणार नाही!"

सतरा वेळा म्हटलं. सतरा वेळा कट्!

कुंदाताई हळूच म्हणाल्या, "सर, एवढं एक वसंताले म्हणू देऊ का?"

देऊन टाकावं, असं फार वाटलं. पण ते वाक्य मीच लिहिलं होतं.

"नाही. मीच म्हणणार."

कवळी काढली आणि चहाच्या बशीत ठेवली. दगडू पहेलवानांनी बशीवर हळूच आपला रुमाल टाकला. मी माइक जवळ ओढला आणि ओरडलो. फुसफुसत का होईना, एका दमात!

दुसऱ्या दिवशी शाळेत मास्क फाटला आणि टिल्लू फुसफुसत ते वाक्य बोलला. मी दाराजवळ, पळता येईल अशा बेतानं उभा होतो.

पहिल्या रांगेत बसलेल्या, दुसरीतल्या एका पोरीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"पाह्य वं, याचेबी समोरचे दात पडले!"

आणि आपलं बोळकं उघडून जोरात ओरडली, "पाड त्याले, टिल्लू!"