सासूबाईंचं तिकिटावरचं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही.

सासूबाईंचे थोरले भाऊ बंगळुरूला दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, बहिणीला बोलवून घ्या. आमच्या मोहाडीहून लवकर पोचायचं तर नागपूरहून विमानच. नवरा म्हणाला, तिकीट एजंटाकडून काढू. मी शाळेत शिकवते — मला एवढंही जमणार नाही? मोबाईलवर नाव टाकलं, सुनंदा. चाळीस वर्षं सासरी सगळे त्यांना सुनंदाच म्हणतात.

आदल्या दिवशी त्यांचं आधार कार्ड पर्समध्ये ठेवताना पाहिलं. त्यावर यमुना होतं — माहेरचं नाव. लग्नात बदललेलं, कागदावर तसंच राहिलेलं.

तेव्हाच विमान कंपनीला फोन करायचा. पण नवरा समोर बसला होता. ‘म्हटलं होतं ना’ — हे ऐकायचं नव्हतं मला. फोटो तर त्यांचाच आहे, नाव कोण एवढं वाचतं? इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी गप्प बसले? हो, इतक्याच.

विमानतळाच्या दारावर जवानाने तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, आम्हाला बाजूला उभं केलं. काउंटरवर म्हणाले, नावच वेगळं आहे, आता काही होणार नाही. नवरा माझ्याकडे वळला. आणि मी — मी सासूबाईंकडे वळले.

“आई, तुम्हीच तर मले सुनंदा लिहायले सांगितलं होतं ना?”

मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “असंन बाई. मले आता ध्यान नाही. मीच सांगितलं असंन.”

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्या गेल्या. तोवर भाऊ गेले होते.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगायच्या, माझ्याच चुकीनं भाऊ भेटला नाही. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी असायची.

मागच्या महिन्यात त्या कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. “हे यमुना काढून टाक व माय. माह्यामुळं पुन्हा कोणाले तरास नोको.”

त्यांना यमुने म्हणून हाक मारणारा तो भाऊच तेवढा उरला होता. मला ते ठाऊक होतं. तरी मी फॉर्म भरला — अक्षर न् अक्षर तपासून. सही कुठे करायची, तिथे बोट ठेवलं. त्यांनी सावकाश, जुन्या नावाने शेवटची सही केली.